केरसुणीतलं अमृत

गावाला पित्त होवो की खोकला, गोदूताईंच्या अंगणातली आवळी ते फुकट बरं करी. राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांना ते खुपे. त्यांचं गुप्त 'अमृतचूर्ण' खाल्लं की वर प्यालेलं पाणी गोड लागे, एवढ्यावरच महाराज भाळलेले!

ऐन कार्तिकात, आवळीभोजनाच्या दिवशी, शास्त्रीबुवा महाराजांना घेऊन आले. "रोगट झाड आहे, तोडा!"

गोदूताईंनी हात जोडले. "महाराज, आधी आवळीचा प्रसाद तेवढा घ्या."

महाराजांनी आवळा चावला, तोंड वाकडं केलं, घोटभर पाणी प्याले आणि चमकले. "शास्त्रीबुवा, हे तर तुमचं अमृत!"

"असेल हो," गोदूताई म्हणाल्या, "आम्ही रोज केरसुणीनं गोळा करतो."

आवळी वाचली. दुसऱ्या दिवसापासून अंगण मात्र शास्त्रीबुवा झाडू लागले.