घाण्याचा बैल नदीला निघाला

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की झाडाचं पान हलत नव्हतं. फार मागची गोष्ट. मी तेल्याच्या घाण्याभोवती फिरणारा बैल. हौद आटला होता. जगायचं तर नदी गाठायला हवी होती.

शेजारची चांदी शेळी एका पायानं अधू. ती निघाली तशी मी हसलो. "अगं बाई, तू कुठली पोचतेस? माझं बघ, जन्मभर चालतोय!"

ती लंगडत गेली. मीही ऐटीत निघालो. चाललो, खूप चाललो. मनात म्हटलं, या वाटेला कडुलिंब फारच लावलेत.

उन्हं कलली तेव्हा चांदी पाणी पिऊन परतली. मी अंगणातल्या एकुलत्या कडुलिंबाला फेऱ्या घालत होतो.

ती म्हणाली, "आबा, पाय दणकट आहेत हो तुमचे. आता जरा माझ्या मागनं चला."