एकशे एकावा वर्ग

"ही फुले ताजी आहेत," शंखपूर बंदराचे जकातदार त्र्यंबकपंत म्हणाले, "आणि ताज्या फुलांवर दिवसातून तीन वेळा पाणी शिंपडलेच पाहिजे. नियम आहे! अरे, झारी आणा!"

भिवरा माळीण टोपल्यांपुढे आडवी उभी राहिली. "पंत, ही वाळवलेली फुले आहेत!"

"वाळली? मग तर पाणी अधिकच हवे!"

चाळीस टोपल्या होत्या. गुलाब, शेवंती, कमळे. एकेक फूल चाळलेल्या बारीक वाळूत पुरून, पाकळीलाही न कळेल अशा हलक्या हाताने भिवराने वर्षभर वाळवले होते. परदेशी जाणारे जहाज सायंकाळच्या भरतीला सुटणार होते, आणि त्यानंतरचे थेट पावसाळा सरल्यावर. झारीची एक धार पडली असती, तर वर्षाच्या श्रमांचा लगदा झाला असता.

"पंत, दुसरा एखादा वर्ग पाहा ना!"

पंतांनी पोथी उघडली. राजा दृढवर्माच्या आजोबांनी जगातील सर्व वस्तूंचे शंभर वर्ग पाडून ती सिद्ध केली होती. "गवत व चारा म्हणू? मग नियमाने बंदरावरच्या बैलांना चाखायला द्यावी लागतील. औषधी म्हणू? मग प्रत्येक टोपलीचा काढा करून राजवैद्य पिणार. बोल, बैल की वैद्य?"

"दोघेही नकोत! मी महाराजांकडे जाते."

"जा, जा," पंत पोथी काखेत मारून हसले. "मीही येतो. झारीही घेतो!"

राजा दृढवर्मा हट्टासाठी प्रसिद्ध होता. एकदा बुधवारी 'आज गुरुवार' असे तोंडून निघून गेले, म्हणून त्याने राज्यात लागोपाठ दोन गुरुवार पाळायला लावले होते. त्याने भिवराचे गाऱ्हाणे ऐकले, तिने सोबत आणलेल्या टोपलीतला एक गुलाब लांबूनच न्याहाळला आणि निर्णय दिला.

"रूप तेच, तर वर्ग तोच! फूल दिसते, म्हणजे फूल आहे. पंत, शिंपडा!"

"महाराज, एक नवा वर्ग काढलात तर?"

"नवा? आजोबांच्या शंभरात जी वस्तू नाही, ती जगातच नाही! एकशे एकावा वर्ग माझ्या मुखातून कधीही निघणार नाही. तुला काढता आला, तर काढून दाखव!"

पंतांनी झारी तिरकी केली. भिवराने सभोवार पाहिले. कोपऱ्यात वृद्ध लेखक राजमुखातला शब्द न् शब्द उतरवून घेत होता. सिंहासनाच्या उजवीकडे एक प्रचंड वाघ जबडा वासून उभा होता. आत पेंढा, डोळ्यांच्या जागी काचा. महाराजांनी तीन वर्षांपूर्वी स्वतः मारलेला. त्याच्या पाठीवर कोपर टेकून प्रधानजी पेंगत होते.

"धावा!" भिवरा एकाएकी किंचाळली. "दरबारात वाघ मोकळा आहे हो!"

प्रधानजी दचकून खाली पडले.

"वेडी आहेस का?" राजा ओरडला. "तो पेंढ्याचा आहे!"

"रूप तर तेच आहे, महाराज. मग वर्गही तोच. पंत, जिवंत श्वापदांचा नियम काय?"

पंतांना नियम विचारला की सांगितल्यावाचून राहवत नसे. "लोखंडी पिंजरा, पायांत साखळदंड आणि रोज एक बोकड."

"तीन वर्षे उपाशी ठेवलात, महाराज!"

"अगं, तो मेला आहे!"

"मेला? पंत, मेलेल्या जनावराचा नियम?"

"त्याच दिवशी गावाबाहेर ओढून नेऊन चुन्यात पुरावे."

"आणि हा तीन वर्षे सिंहासनापाशी!" भिवराने पदराने नाक झाकले.

"त्याला कसलाही वास येत नाही!" राजा तडकला. "कातडे कमावून, मीठ-तुरटी लावून..."

"हां, म्हणजे चामडे! पंत?"

"गुंडाळी करून, वजनावर विकावे."

"माझा वाघ? वजनावर?" राजा सिंहासनावरून उठलाच. "मूर्खांनो, नीट ऐका! हा जिवंत नाही, पण मेलेल्यांतही मोडत नाही, आणि चामडे तर मुळीच नाही! जीव गेला, रूप राहिले. ते कुशल हातांनी टिकवले आहे. उपयोग काडीचा नाही, केवळ शोभा! याला पाणी लावू नये, ऊन लावू नये, बैलांना दाखवू नये आणि वैद्याला तर जवळही येऊ देऊ नये! कळले?"

"मला कळले, महाराज," भिवरा म्हणाली. "लेखककाका, तुम्ही लिहिलेत का?"

लेखकाने बोरू खाली ठेवला. "अक्षरन् अक्षर. राजमुखातून निघालेली आज्ञा आहे. शंभर वर्ग भरलेले होते, म्हणून पुढचा आकडा घातला."

राजाने वाघाकडे पाहिले, मग गुलाबाकडे, मग पुन्हा वाघाकडे.

पंतांनी खाकरून विचारले, "महाराज, या नव्या वर्गावर जकात किती आकारू?"

"त्यात विचारायचे काय?" भिवरा म्हणाली. "महाराजांनी वाघाची जितकी भरली, तितकीच मीही भरीन!"

राजाचे ओठ थरथरले, मिशा थरथरल्या, आणि तो असा खदखदून हसला की वाघाचा डावा कान गळून प्रधानजींच्या मांडीवर पडला!

"एक दमडीही भरली नाही गं!" डोळे पुसत त्याने हातातले सोन्याचे कडे काढून भिवराला दिले. "आणखी काय हवे?"

"भरती होत आली, महाराज. चाळीस टोपल्या जहाजावर अलगद पोहोचायला हव्यात, आणि झारी खाली ठेवली की पंतांचे हात तर रिकामेच आहेत."

"पंत, उचला!" राजा पुन्हा हसू लागला. "एकेक करून, डोक्यावरून! आणि खबरदार, वाटेत शिंकलात तर!"