पिवळ्या पाण्यातली धाकटी

फोटो काळेपांढरेच निघायचे, तेव्हाची ही गोष्ट. मालवणात दाजी फोटोवाल्यांनी एका वारलेल्या आईच्या फोटोच्या दोन प्रती काढल्या आणि फोटोची मूळ काच हातातून निसटून फुटली. आधी निघालेली प्रत थोरली, मागून निघालेली धाकटी. मुलांसाठी आईचा चेहरा आता त्या दोन प्रतींवरच उरला.

दाजी प्रतींना म्हणाले, "पोरींनो, इथली हवा खारी, काळा रंग हळूहळू खाऊन टाकते. टिकायचं तर दोन पाण्यांतून जावं लागेल. पिवळ्या पाण्यात चेहरा पुसला जाईल, दुसऱ्यात तपकिरी होऊन परत येईल."

"पुसला जाईल?" थोरली कडाडली. "माझा काळाभोर अंबाडा घालवून त्या सडक्या अंड्यांच्या वासाच्या पाण्यात उतरू? मला नको!"

दाजींनी तिला वाळायच्या दोरीवरच राहू दिलं.

धाकटी घाबरतच उतरली. आधी कपाळ फिकटलं, मग ओठ, शेवटी डोळे आणि अंबाडा. आई दुसऱ्यांदा गेली, असं तिला वाटलं. मग दुसऱ्या पाण्याचा वास नाकात भरला आणि बघता बघता आई परतली, तपकिरी होऊन.

"शी! अगदी मातीच्या रंगाची झालीस," थोरली हसली.

चाळीस वर्षांनी त्या आईच्या नातीने एका पाकिटातून दोघींना बाहेर काढलं.

"आजी कित्ती गोड हसतेय!" ती म्हणाली. मग दुसरी प्रत उजेडात धरून म्हणाली, "आणि हा कोरा कागद कुणी जपून ठेवला?"

तिने दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. थोरलीने हळूच विचारलं, "धाकटे, मी कशी दिसायचे गं?"

धाकटी म्हणाली, "माझ्याकडे बघ, ताई."