थव्याच्या टोकावरची शेवरी

ढग जिथे पायथ्याशीच अडकून राहतात अशा एका उंच कड्यावर, फार पूर्वी पंखवाल्या माणसांची वस्ती होती. त्यांच्या घरांची दारं छपरात असत. जिना कशाला म्हणतात हे कुणाला ठाऊकच नव्हतं! भेटलं की पंखाला पंख लावायचा, हाच त्यांचा रामराम. गळालेली पिसं बाळंतिणीच्या घरी जात, बाळाच्या दुपट्यात भरायला. आणि दोघं भांडलीच, तर त्यांचा एकेक पंख एकत्र बांधून त्यांना चुलीपाशी बसवत. दोघांना हसू फुटल्याशिवाय गाठ सोडत नसत.

थंडी पडू लागली की सगळी वस्ती सरोवर ओलांडून पलीकडच्या उबदार कड्यावर राहायला जाई. त्या दिवसाची धांदल काय सांगावी! सकाळपासून ढोल वाजत, पंख तेल लावून चकचकीत होत. उडता न येणाऱ्या पोरांना झोळीत घालून दोघं दोघं उचलून नेत. थवा बाणाच्या टोकासारखा उडे. टोकावरच्याने वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे मागच्यांना उडणं सोपं जाई. तो दमला की "बदल!" अशी आरोळी द्यायचा आणि मागचा पुढे यायचा.

त्या वर्षी टोकाचा मान शेवरी नावाच्या तरुणीला मिळाला. आनंदाने तिचे पाय कड्यावर ठरेनात.

"अगं, जरा दमानं," मागे उभी असलेली मैनाआत्या हसत म्हणाली. "सगळा जोर इथंच संपवशील."

"आत्या, तू बघच! यंदा बदल होणारच नाही. मी एकटी सगळ्यांना पार नेणार."

ढोल घुमला आणि थवा झेपावला! खाली निळंशार पाणी, वर मोकळं आभाळ. मागून पोरं झोळीतून किंचाळत होती, "शेवरीताई, अजून जोरात!" शेवरीला वाटलं, असंच उडत राहावं, कड्याच्याही पलीकडे.

अर्धं सरोवर मागे पडलं आणि तिचे खांदे भरून आले. पंख जड झाले. थव्याची चाल मंदावली.

"शेवरे, बदल म्हण गं!" आत्या ओरडली.

"नाही! पोचलोच आता."

पण ते पोचले नव्हते. तेवढ्यात उत्तरेकडून बोचरा वारा सुटला. मंदावलेला थवा त्यात सापडला. म्हातारी माणसं खाली खाली जाऊ लागली. मागून एकदम रडण्याचा आवाज आला. शेवरीने मान वळवली. शेवटची झोळी पाण्याला टेकली होती, धरणारे दोघं धापा टाकत होते आणि आतलं पोर भिजून टाहो फोडत होतं.

शेवरीच्या मनात आलं, सगळ्यांसमोर बोलून बसले, आता बदल कसं म्हणायचं? तिने पुन्हा त्या झोळीकडे पाहिलं आणि छाती फुटेल इतक्या जोराने ओरडली, "बदल! मी दमले! बदल!"

कुणी हसलं नाही. आत्या सर्रकन पुढे गेली. शेवरी मागे सरकली तशी तिला वाऱ्याची धार लागेनाशी झाली. थोड्याच वेळात तिचे पंख मोकळे झाले. ती सरळ शेवटच्या झोळीकडे गेली आणि तिने एक टोक धरलं. झोळी वर आली!

मग काय विचारता! जरा वेळाने आत्या ओरडली, "बदल!" तिच्या जागी वस्तीतला सुतार आला, त्याच्या जागी त्याची बायको. दर आरोळीला सगळा थवा "हो!" म्हणून गर्जे. थवा पुन्हा सुसाट निघाला आणि उन्हं कलायच्या आत सगळे, अगदी सगळे, पलीकडच्या कड्यावर उतरले. नाच सुरू झाला. भिजलेलं पोर कोरड्या दुपट्यात गुंडाळल्यावर शेकोटीपाशी खिदळू लागलं.

शेवरी मात्र एका बाजूला मान खाली घालून बसली होती. वस्तीचा म्हातारा प्रमुख तिच्यापाशी आला.

"आजोबा, माझं चुकलं. मी आधीच म्हणायला हवं होतं."

"हवंच होतं," म्हातारा म्हणाला. "पण म्हणालीस तेव्हा काय आवाज लावलास गं! शेवटच्या झोळीपर्यंत ऐकू गेला. पुढच्या वर्षीही टोकाला तूच."

"मी? मी तर दमले होते!"

"दमतात सगळेच. चल ऊठ, नाचायला चल." आणि त्याने आपला पंख तिच्या पंखाला लावला.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: पुढे राहणाऱ्याने दमल्यावर वेळीच जागा द्यावी, त्यात कमीपणा नाही, त्यानेच सगळे सुखरूप पोचतात.