तीर्थासारखं डिझेल

नानासाहेब झुंझारे म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. त्यांचा आवाज पोटाच्याही आधी पोचायचा. परवा ते हायवेवरच्या शकूर मिस्त्रींच्या गॅरेजात नव्याकोऱ्या डिझेल जीपमधून उतरले, ते गरजतच.

"मिस्त्री, आमच्या ट्रकचा इंजेक्शन पंप महिन्यात दुसऱ्यांदा गेला! काम येत नसेल तर बोर्ड उतरवा!"

बघे जमले. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर पंप खोलला. आतला बोटाएवढा दट्ट्या पार ओरबाडला होता.

"साहेब, याला वंगण डिझेलचंच मिळतं. डिझेलात रॉकेल असलं की हा कोरडा घासतो."

"रॉकेल? अहो, डिझेल आमच्याच पेट्रोल पंपावरचं आहे. तीर्थासारखं शुद्ध!"

"मग मीच चुकलो," म्हणत मिस्त्रींनी गॅरेजात उभ्या ट्रकच्या टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं आणि जीपच्या टाकीचं झाकण फिरवलं. "घरचं तीर्थ हिलाही मिळू दे. महिनाभर ही नीट पळाली, तर बोर्ड उतरवतो."

"अहो, थांबा! जीपमध्ये नका ओतू ते!" नानासाहेब किंचाळले.

मिस्त्रींनी कॅन अलगद खाली ठेवला.

"बरं. मग बोर्ड कुणाचा उतरवायचा, साहेब? शिडी माझी घेऊन जा."