जर्मनबाबाचा मुजावर

“बाबा, माझी एकसष्ट पुस्तकं! पंचक्रोशीत दुसरा आहे का कोणी?” उचगावकर मास्तर छाती पुढे काढून म्हणाले. मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. “म्हणजे... छापून आली तीन. त्यातलं एक पंचांग.”

दर्याबाबा फकीर हसले नाहीत.

“तरी पुतळा माझा नाही, याचा!”

बागेच्या मधोमध दगडी जर्मन लेखक बसला होता. मोठा नावाजलेला. त्याच्या गावाने या गावाला दोस्तीखातर धाडलेला. खालचं नाव जर्मन अक्षरांत, ते मास्तरांखेरीज कुणाला लागेना. मग बायकांनी त्याला पीर ठरवून टाकला. चादर चढली, नारळ फुटू लागले. सावलीला म्हणून पायथ्याशी बसणारे बाबा आपसूक मुजावर झाले.

“मेल्यावर याला चादर, आणि मला जिवंतपणी साधा हार नाही!”

पुतळा आल्यापासून आठ वर्षं मास्तरांचं पोट दुखत होतं. ओव्याने थांबणारं ते दुखणं नव्हतं.

त्यांनी कागद पुढे केला. “हा इथून हलवायचा अर्ज. तुमचा अंगठा उठला की सगळं गाव सह्या करतंय.”

“देतो की. पण आहे कोण हा?”

तेवढ्यात एक बाई नारळ ठेवून वाकली. बाबांनी तिच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा टेकवला. “माई, हे कोण गं?”

“जर्मनबाबा की! पोरीची दहावी हाय.” बाई गेलीसुद्धा.

“तू सांग, मास्तर.”

मास्तर सुटले. नाव, बापाचं नाव, कोणत्या साली कोणती कादंबरी, कोणत्या बाईने नकार दिला, कुठली दाढ ठणकायची...

“एवढं कुठून कळलं?”

“रोज वाचतो त्याला. जेवणाआधी. एक तरी चूक सापडावी म्हणून!”

“सापडली?”

“अजून नाही.”

“आणि स्वतःचं कधी वाचलंस?”

मास्तर चादरीची झालर चिवडत राहिले.

बाबा उठले. अर्जाची घडी मास्तरांच्याच खिशात कोंबली, हातात कुंचा दिला, चटई मोकळी केली.

“बस. आजपासून मुजावर तू.”

“मी? अहो बाबा, मला याचं तोंड बघवत नाही!”

“मग जमलं. मुजावराचं तोंड लोकांकडे असतं.”