मजकुरातली दुरुस्ती

हॉलिवूडमध्ये बोलपट आले आणि मूकपटांचा लाडका नायक यानोश वादास अडचणीत सापडला. पंधरा वर्षं त्याने नुसत्या डोळ्यांनी लोकांना रडवलं होतं, पण इंग्रजी बोलताना त्याचा हंगेरियन हेल काही जाईना.

स्टुडिओचे मालक क्रँडल साहेब त्याच्यासमोरच लघुलेखिका आयरीनला म्हणाले, "लिही. याचं बोलणं कुणालाच कळत नाही, सबब करार रद्द."

वादास हळू आवाजात बोलू लागला. तेवढ्यात फोन वाजला आणि साहेब फोनवर कुणाशी तरी हसत बसले. वादास थांबला तेव्हा रिसीव्हरवर हात ठेवून ते आयरीनला म्हणाले, "बघ, मला एक अक्षर कळलं नाही."

ही नोकरी गेली तर आयरीनला दुसरी मिळणं कठीण होतं. तरी तिने वादासचं बोलणं टिपलेली वही उचलून वाचलं, "'नायक नको, साहेब. परदेशातून आलेल्या एखाद्या बापाचं काम द्या. तो असाच बोलतो.'"

"तुला बरं कळलं?"

"हो, साहेब. म्हणून विचारते, मजकुरात 'कुणालाच कळत नाही' हेच ठेवू, की 'न ऐकणाऱ्याला कळत नाही' अशी दुरुस्ती करू?"

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि खुर्ची वळवली.

"वादास," ते म्हणाले, "पुन्हा सांगा बरं."